सोरा, युरिया आणि आमची उधारी

कापडाच्या पेढीवर बसणाऱ्या माणसाने खतावर लेख का लिहावा, असे वाचक विचारतील. विचारणे बरोबरच आहे. आमचे उत्तर आमच्या उधारीच्या वहीत आहे.

आम्ही खानदेशातले. आमचे निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक शेतकरी. लग्नसराईत ते कापड नेतात आणि कापूस विकला की पैसे आणून देतात. हा रिवाज आमच्या वालिदांच्या वेळेपासूनचा आहे. २०२२ च्या दिवाळीनंतर असेच एक जुने गिऱ्हाईक दुकानात येऊन बसले. आम्ही त्यांना नाना म्हणतो, ते आम्हाला चाचा म्हणतात. चहा झाला तरी पैशाची गोष्ट निघेना. शेवटी तेच म्हणाले, "चाचा, यंदा थोडं सांभाळून घ्या."

आम्ही म्हणालो, "नाना, तुमची कपाशी तर माणसाच्या उंचीची झाली होती ना? गणपतीत तुम्हीच सांगत होता."

"झाली ना. झाडच झालं. बोंडं कुठं लागली? पाने बघावीत तर हाताएवढी. मग मावा आला, तुडतुडे आले, फवारण्या करून करून हात टेकले."

"युरिया किती टाकला?"

"एकरी पाच गोण्या. स्वस्त आहे म्हणून टाकला. हिरवं दिसलं की जिवाला बरं वाटतं."

त्या पाच गोण्यांनी आमची उधारी एक वर्ष लांबवली. तेव्हापासून हा नत्राचा मामला काय आहे ते समजून घ्यायचे आम्ही ठरवले. जाणकारांना विचारले, वाचले, आणि लक्षात आले की ही चीज आपल्या कारागिरांच्या घरात फार पूर्वीपासून आहे. आपण तिला फक्त दुसऱ्या नावाने ओळखतो.

उर्दू शाळेत आम्ही शिकलो तेव्हा नायट्रेट हा शब्द कानावर कमीच पडे. मास्तर 'शोरा' म्हणत. मराठीत त्याला सोरा म्हणतात. कलमी शोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. आतषबाजी करणाऱ्यांच्या घरी तो असे, युनानी दवा विकणाऱ्या अत्ताराच्या बरणीतही असे. सराफ्यात सोने गाळणारे आपले कारागीर ज्या तेजाबाने सोन्यातली चांदी वेगळी काढतात ते शोऱ्याचे तेजाब, म्हणजे नायट्रिक ॲसिड. पाण्यात सोरा विरघळला की पाणी गार पडते. अकबराच्या काळात पिण्याचे पाणी सोऱ्याने थंड करीत, ही नोंद अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त केली आहे. आमची बालबुद्धी मात्र एका जागी अडखळत असे. उर्दूत खाऱ्या, नापीक जमिनीला 'शोर जमीन' म्हणतात. मग शोऱ्याने पीक वाढते कसे? शोर जमिनीतले क्षार वेगळे आणि सोरा वेगळा, हे कळायला आम्हाला पन्नाशी गाठावी लागली.

हा सोरा पूर्वी बिहारमध्ये फार निघे. नोनिया नावाची जमात हेच काम करी. जुन्या वस्तीतल्या मातीच्या भिंती, गुरांचे गोठे, जिथे वर्षानुवर्षे शेण-मूत मुरलेले असे, तिथे पावसाळ्यानंतर जमिनीवर पांढरी फूल येई. ती माती खरवडून, पाण्यात भिजवून, गाळून, आटवून त्याचे खडे काढीत. बंदुकीच्या दारूत सर्वात मोठा हिस्सा सोऱ्याचा असतो. म्हणून डच आणि इंग्रज कंपन्यांनी पाटण्याला आपल्या कोठ्या घातल्या आणि जहाजांच्या तळाशी सोरा भरून युरोपात नेला. शेणमुताचा सोरा कसा होतो ते नोनियांना ठाऊक नव्हते, कंपनीलाही नव्हते. मातीतले अतिसूक्ष्म जंतू हे काम करतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाले. गोठ्याजवळच्या मातीची ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे विहिरीच्या पाण्याशी तिचा संबंध येणार आहे.

बिहारच्या सोऱ्याचा बाजार चिलीने खाल्ला. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अटाकामा नावाचे वाळवंट आहे. तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही, म्हणून पाण्यात सहज विरघळणारा सोडियम नायट्रेट तिथल्या जमिनीत थराथराने शिल्लक राहिला. १८३० च्या सुमारास तो जहाजाने बाहेर जाऊ लागला. आधी दारूसाठी, मग खतासाठी. युरोपातले शेतकरी त्याच्यावर इतके विसंबले की त्या वाळवंटासाठी चिली, पेरू आणि बोलिव्हिया या तीन देशांत १८७९ साली लढाई पेटली. चिली जिंकला. बोलिव्हियाचा समुद्रकिनाराच गेला, तो आजतागायत परत मिळालेला नाही. पुढची चाळीस वर्षे चिली सरकारच्या उत्पन्नातला निम्म्याच्या आसपास हिस्सा सोऱ्याच्या निर्यातकरातून येई. इजिप्तच्या नामांकित लांब धाग्याच्या कापसालाही पुढे हाच सोरा पडत असे.

आणि मग दुकान उठले. १८९८ साली विल्यम क्रुक्स या इंग्रज शास्त्रज्ञाने इशारा दिला होता की चिलीचा सोरा संपेल आणि गहू खाणाऱ्यांची उपासमार होईल. हवेतले नत्र पकडण्याची विद्या शोधलीच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. हवेत पाचपैकी चार भाग नत्रच आहे, पण ते झाडाच्या कामाचे नाही. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर या जर्मन शास्त्रज्ञाने हवेतले नत्र आणि हायड्रोजन प्रचंड दाबाखाली एकत्र करून अमोनिया काढून दाखवला. कार्ल बॉश याने त्याचा कारखाना उभारला. १९१३ साली जर्मनीत ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. इंग्रजांनी समुद्र अडवला, चिलीचा माल जर्मनीला मिळेना, पण कारखान्याचा अमोनिया होता. त्यापासून तेजाब आणि तेजाबापासून दारू. लढाई संपल्यावर तोच अमोनिया खताकडे वळला आणि चिलीच्या सोऱ्याचा भाव पडला तो पडलाच. तिथल्या खाणींची गावे ओस पडली. त्यांतले हंबरस्टोन गाव आणि सांता लॉराचा कारखाना युनेस्कोने २००५ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदवला. ज्या मालाला जगात पर्याय नाही असे व्यापारी छातीठोक सांगत होते, त्याचे पंधरा-वीस वर्षांत काय झाले ते पाहण्यासारखे आहे. आमच्या हातमागवाल्या बुजुर्गांना हे निराळे सांगायला नको.

आपल्या देशात सिंद्रीचा सरकारी खत कारखाना १९५१ साली सुरू झाला. तिथे अमोनियम सल्फेट निघे. नांगलला १९६१ पासून कॅल्शियम अमोनियम नायट्रेट निघू लागले. पण हळूहळू बाजार युरियाने व्यापला. कारण सोपे आहे. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे वाहतूक कमी आणि माल जास्त. शिवाय भातशेतीत पाणी साचून राहते, तिथे नायट्रेट खत टिकत नाही.

इथे नत्राच्या तीन रूपांचा फरक समजून घ्यावा लागतो. तो कळला नाही तर बाकीचे सगळे व्यर्थ. आम्ही तो आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. युरिया ही हुंडी आहे, हातात आली तरी लगेच खर्चता येत नाही. जमिनीत ओल असली की चार-आठ दिवसांत तिचे अमोनियम होते. अमोनियम म्हणजे तिजोरीतली रक्कम. मातीच्या बारीक कणांना ते चिकटून बसते, सहजी वाहून जात नाही. कल्हईवाले वापरतात त्या नवसागरातले नत्र याच रूपात असते. मग मातीतले जंतू त्या अमोनियमचे दोन-तीन आठवड्यांत नायट्रेट करतात. नायट्रेट ही रोकड. कपाशीचे मूळ बहुतेक नत्र याच रूपात उचलते. पण रोकड जशी हातोहात जाते तसे नायट्रेटही जाते. मातीचा कण त्याला धरून ठेवत नाही. पाण्याबरोबर ते खाली उतरते, आणि शेतात पाणी तुंबले तर दुसरे जंतू त्याचा वायू करून हवेत सोडतात. त्या वायूतला एक, नायट्रस ऑक्साइड, हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशेपट भारी आहे.

म्हणजे शेतकरी युरिया टाको, शेणखत टाको की सोरा टाको, झाडाच्या तोंडी शेवटी बहुतांशी नायट्रेटच पडते. फरक वेळेचा आणि गळतीचा. २०१५ पासून देशातला सगळा युरिया निंबोळी तेलाचा लेप देऊनच विकला जातो. त्या लेपाने अमोनियमचे नायट्रेट होण्याचे काम थोडे मंदावते, म्हणजे हुंडी हळूहळू वटते. सगळी रोकड एकदम हातात येऊन उधळली जात नाही.

तयार नायट्रेट असलेली खतेही आपल्याकडे आहेत. ट्रॉम्बेचे सुफला १५:१५:१५ पुष्कळांनी पाहिले असेल. त्यातल्या नत्राचा काही भाग नायट्रेटच्या रूपात असतो. द्राक्ष, डाळिंब, केळीवाले ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट सोडतात. आणि कपाशीवर बोंडे भरताना फवारतात ते 'तेरा शून्य पंचेचाळीस', म्हणजे १३ टक्के नत्र आणि ४५ टक्के पालाश. दहा लिटर पाण्यात १०० ते २०० ग्रॅम घालून फवारतात. आम्ही ती पिशवी हातात घेऊन वाचली तेव्हा हसू आले. पोटॅशियम नायट्रेट! म्हणजे आपल्या अत्ताराच्या बरणीतला कलमी शोराच रंगीत पिशवीत बसून, आकडे मिरवीत परत आला होता. चिलीतूनही हा माल आजही जगभर जातो. ही खते युरियापेक्षा कितीतरी पटीने महाग पडतात, म्हणून ती उधळली जात नाहीत. एक खबरदारी शेतकऱ्याला दुकानदाराने सांगायला हवी. कॅल्शियम नायट्रेट हे स्फुरदाच्या किंवा सल्फेटच्या खतासोबत एकाच टाकीत कालवू नये. खाली साका बसतो आणि ठिबकची तोंडे बुजतात.

आता नानांच्या शेताकडे वळू. कपाशीला नत्र लागते ते पाते आणि फुले लागण्यापासून बोंडे भरेपर्यंत सर्वात जास्त. म्हणून जाणकार ते हप्त्याहप्त्याने द्यायला सांगतात. पेरणीच्या वेळी थोडे, मग एक महिन्याने, मग दोन महिन्यांनी. एकदम आणि गरजेपेक्षा जास्त नत्र मिळाले की झाडाला वाटते अजून वाढण्याचेच दिवस आहेत. ते पाने आणि फांद्या काढत बसते. खालच्या पात्यांना ऊन मिळत नाही, ती गळतात. बोंडे उशिरा लागतात आणि उशिरा फुटतात. पाने कोवळी आणि रसरशीत असतात, त्यामुळे रस शोषणाऱ्या किडी तिथे मुक्काम ठोकतात. हंगाम लांबला की गुलाबी बोंडअळीला आयते घर मिळते. नानांच्या शेतात हेच झाले.

आणि हे फक्त नानांपुरते राहत नाही. मावा आणि पांढरी माशी कपाशीवर गोड चिकटा सोडतात. बोंड फुटलेले असेल तर तो रुईवर पडतो. असा चिकट कापूस जिनिंगला त्रास देतो, सूतगिरणीत तर त्याहून जास्त. रोलरला लपेटून बसतो आणि धागा तुटतो. उशिरा लागलेल्या बोंडांतला तंतू पुरता भरत नाही, कच्चा राहतो. हा कच्चा तंतू रंग नीट पकडत नाही. ग्रे कापडात तो दिसत नाही. रंगून आले की गर्द निळ्या किंवा काळ्या ठाणावर बारीक पांढरे ठिपके उठतात. गिऱ्हाईक ठाण परत आणते, आम्ही रंगाऱ्यावर चिडतो, रंगारी सूतवाल्याचे नाव घेतो. अशा पांढऱ्या ठिपक्यांपायी आम्ही स्वतः एका कारागिराचे पैसे कापले होते. त्याची खता नव्हती. दोष शेतातून आलेला असू शकतो हे तेव्हा डोक्यात आलेच नाही.

मग शेतकरी इतका युरिया टाकतो कशाला? यात त्याच्या अडाणीपणापेक्षा भावाचा हात मोठा. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीला शेतकरी सुमारे २६६ रुपये ५० पैसे मोजतो. डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० रुपयांची. युरियाचा भाव सरकार बांधून देते आणि फरकाची रक्कम कारखान्याला भरून देते. इतर खतांवर अनुदान ठरावीक असते. एक चीज एवढी स्वस्त आणि बाकीच्या महाग असल्या की हात स्वस्त चीजेकडेच जाणार. आम्ही व्यापारी आहोत, भाव माणसाकडून काय करवून घेतो ते आम्हाला कोणी शिकवायला नको. अनुदान काढून टाका असे आम्ही म्हणणार नाही. लहान शेतकरी मरेल. पण स्फुरद-पालाशाला मागे ठेवून एकट्या नत्राची अशी खैरात जमिनीला मानवत नाही.

नानांचा हिशोब आम्ही त्यांच्याच समोर वहीच्या मागच्या पानावर मांडला. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांप्रमाणे नत्र २० किलो ७०० ग्रॅम. पाच गोण्यांचे १०३ किलो ५०० ग्रॅम, तेही एका एकराला. हेक्टरी धरले तर अडीचशे किलोंच्या वर. आता समजा एखाद्या शेताला हेक्टरी १०० किलो नत्र पुरे असेल, तर युरिया होतो २१७ किलो, म्हणजे एकरी जेमतेम दोन गोण्या. बाकीच्या तीन गेल्या कुठे? प्रत्येक शेताची गरज वेगळी असते. कोरडवाहूला कमी, बागायतीला जास्त. ती माती परीक्षणाशिवाय कळत नाही. पण अडीचपट कुठेच लागत नाही.

त्या तीन गोण्यांचा पत्ता विहिरीत लागतो. पिकाने न उचललेले नायट्रेट पावसाबरोबर, पाटाच्या पाण्याबरोबर खाली उतरते. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमध्ये ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते, अशी आपल्या देशाच्या मानकाची हद्द आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या नमुन्यांपैकी सुमारे २० टक्के या हद्दीच्या वर निघाले. महाराष्ट्रात हे प्रमाण ३६ टक्क्यांच्या आसपास. ज्या जिल्ह्यांची नावे त्यात ठळकपणे आली ते वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. बहुतेक कापसाचेच जिल्हे. मात्र सगळा दोष खतावर टाकणे इमानदारीचे होणार नाही. बिहारमधल्या गोठ्याच्या मातीत सोरा जसा तयार होई, तसाच तो आपल्या मोहल्ल्यातल्या शोषखड्ड्याजवळ, उघड्या गटाराजवळ, कत्तलखान्याच्या सांडपाण्याजवळही होतो. दाट वस्तीत बोअरला जवळच संडासाचा खड्डा असेल तर एक चिमूट युरिया न पडताही नायट्रेट वाढते.

याचा मोठा धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना. पाण्यातल्या नायट्रेटचे त्यांच्या पोटात नायट्राइट होते आणि ते रक्तात जाऊन प्राणवायू वाहण्याचे काम बंद पाडते. बाळाचे ओठ, नखे निळसर पडतात. १९४५ साली हंटर कॉमली या अमेरिकन डॉक्टरने आयोवा राज्यातल्या शेतमळ्यांवरच्या विहिरी आणि निळी पडलेली तान्ही मुले यांचा संबंध प्रथम दाखवून दिला. आपल्या प्रोसेस हाऊसमध्ये नॅफ्थॉलच्या रंगाला सोडियम नायट्राइट लागते, ते मिठासारखेच दिसते आणि विषारी असते, हे कामगारांना माहीत आहे. तेच नायट्राइट बाळाच्या पोटात नकळत तयार होते. अंगावर पिणाऱ्या बाळाला धोका नाही असेच समजावे. वरच्या दुधाची पावडर विहिरीच्या पाण्यात कालवून देतात तिथे जपावे. घरातल्या बायांना एक गोष्ट जरूर सांगावी. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उकळताना पाणी आटते आणि नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते. कापडाने गाळून, तुरटी फिरवून, साध्या फिल्टरनेही जात नाही. आरओ यंत्राने जाते. आरओ नसेल तर बाळासाठी दुसरीकडचे तपासलेले पाणी आणावे.

आता थोडे धंद्याबद्दल. आपली काही तरुण मुले कृषी सेवा केंद्र काढू लागली आहेत. चांगली गोष्ट आहे. परवाना हवा, युरियाची विक्री यंत्रावर शेतकऱ्याचे आधार घेऊनच करावी लागते, हे त्यांना माहीत असते. गोदामाचा मुद्दा मात्र निसटतो. मागे एका ओळखीच्या दुकानदाराने हंगामापुरते आमचे गोदाम मागितले. एका बाजूला आमचे कापडाचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला तो विद्राव्य खते ठेवणार होता. भाडेही बरे देत होता. आम्ही नकार दिला. तो नाराज झाला, पण कारण ऐका. नायट्रेट स्वतः जळत नाही, दुसऱ्याची आग भडकवते, कारण त्यात प्राणवायू बांधलेला असतो. बंदुकीच्या दारूत सोरा घालतात तो याचसाठी. कापूस, सूत, गोणपाट, लाकडाचा भुसा, रॉकेल यांच्याजवळ तो ठेवणे म्हणजे आगीला दावत. चिलीच्या सोऱ्याची रिकामी गोणपाटेसुद्धा ठिणगीने भडकत, कारण सोरा त्यांच्यात मुरलेला असे. नायट्रेट खत हवेतले पाणीही ओढते आणि दगडासारखे घट्ट होते. ते कोरड्या जागी आणि कापडापासून दूर दुसऱ्या खोलीतच ठेवावे.

त्यात अमोनियम नायट्रेट हे तर प्रकरणच वेगळे. ओपाऊच्या ज्या कारखान्याचे नाव वर आले, तिथेच २१ सप्टेंबर १९२१ रोजी घट्ट झालेला अमोनियम सल्फेट-नायट्रेटचा ढीग सुरुंगाने फोडताना स्फोट झाला आणि पाचशेहून अधिक माणसे गेली. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरुतच्या बंदरात जे घडले ते सर्वांनी पडद्यावर पाहिले. तिथे २,७५० टन अमोनियम नायट्रेट सहा वर्षे नुसते पडून होते. आपल्याकडे वजनाने ४५ टक्क्यांहून जास्त अमोनियम नायट्रेट असलेला माल २०१२ च्या नियमांप्रमाणे स्फोटकांच्या खात्याच्या परवान्याशिवाय ठेवता, विकता किंवा वाहता येत नाही. कोणी 'खत आहे, चार दिवस ठेवा' म्हणून असा माल आणला तर गोणीवरचे नाव आधी वाचावे. मुलाहिजा ठेवू नये.

छपाईवाल्यांसाठीही दोन शब्द. रिअॅक्टिव्ह रंगाच्या छपाईत पेस्टमध्ये युरिया लागतो. बाजारात शेतीचा युरिया सहा रुपये किलोच्या आत आणि कारखान्याचा तांत्रिक युरिया त्याच्या कितीतरी पट. मोह होतो. पण अनुदानाचा युरिया छपाईला वापरणे खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हा आहे. पकडले तर जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याचे कलम लागते. शिवाय त्या गोणीतला तोटा शेतकऱ्याच्या पदरी पडतो, कारण ऐन हंगामात त्याला रांगेत उभे राहून माल मिळत नाही.

नाना २०२३ च्या उन्हाळ्यात मातीचा नमुना घेऊन माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत जाऊन आले. शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खड्डा घेऊन, माती एकत्र करून, सावलीत वाळवून, त्यातली अर्धा किलो नेली. खत टाकलेली जागा, गोठ्याजवळची आणि बांधाजवळची माती त्यांनी टाळली. कार्डावर नत्र कमीच दाखवले होते, पालाश भरपूर, जस्त कमी. आमच्या काळ्या मातीत असे पुष्कळदा निघते म्हणतात. नानांनी युरिया दोन गोण्यांवर आणला, तोही तीन हप्त्यांत, वापशावर आणि मातीआड करून. वर उघडा फेकलेला युरिया अमोनिया होऊन हवेतच उडून जातो, हे त्यांना तेव्हा प्रथम कळले. सोबत शेणखताच्या चार गाड्या घातल्या. झाड कमरेच्या थोडे वर राहिले. त्यांचा मुलगा रोज कटकट करी की शेजाऱ्याची कपाशी आपल्यापेक्षा हिरवी दिसते.

आमची जुनी उधारी त्यांनी त्या वर्षी दोन हप्त्यांत फेडली. पूर्ण नाही, थोडी राहिली, कारण कापसाला भाव नव्हता आणि त्याला युरियाकडे इलाज नाही. आम्हीही घरच्या बोअरचे पाणी बाटलीत भरून तपासायला दिले. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून, काठोकाठ भरून, त्याच दिवशी पोहोचवायची असते. नायट्रेट हद्दीच्या वर निघाले. आमच्या गल्लीत शेत नाही, शोषखड्डे मात्र घरोघर आहेत. सून बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. ती येण्याआधी आम्ही आरओ बसवून घेतला.